बदली

गेल्या महिन्यात लेकीच्या कपाटात लिन युटांग यांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. १९४७ सालचं, सु तुंगपो या चिनी कवीचं चरित्र. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून रोज आठ-दहा पानं, असं चाललं होतं. एका प्रकरणाशी मात्र अडलो, ते इथे लिहून टाकतो.

मूळ नाव सु श, जन्म १०३७, सिचुआन प्रांत. १०५७ साली राजधानीतली अवघड परीक्षा पास झाला, धाकट्या भावासोबत. त्या राज्यात अधिकारी व्हायचं तर विद्वत्ता लागे आणि कविताही यावी लागे. (आपल्याकडे साहेब कविता करतात म्हटलं की कचेरी हसते. असो.) सरकारच्या नव्या कायद्यांनी गरिबांचे हाल होतात, हे याने कवितांत लिहिलं. १०७९ मध्ये त्याच कविता पुरावा म्हणून पुढे आल्या. सुमारे चार महिने कोठडी, आणि ओळींचे अर्थ विचारणं! जीव वाचला, पण रवानगी झाली यांगत्से नदीकाठच्या हुआंगझोऊला. हुद्दा नावापुरता, कागदावर सहीचा अधिकार नाही.

मला आवडली ती तिथली गोष्ट. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो साडेचार हजार नाणी काढी, त्यांच्या तीस माळा करून आढ्याला टांगी. रोज सकाळी काठीने एक माळ उतरवायची आणि काठी लपवून ठेवायची! दीडशे नाण्यांतून उरेल ते बांबूच्या नळकांड्यात, पाहुण्यांसाठी. पुढे एका मित्राने पडीक सरकारी जमीन मिळवून दिली. दगडगोटे वेचून त्याने तिथे शेती केली. तुंगपो म्हणजे पूर्वेचा उतार, त्या शेताचंच नाव त्याने स्वतःला घेतलं. त्या भागात गरिबीपोटी तान्ही मुलं मारत. सही नसलेल्या या माणसाने शेजारच्या अधिकाऱ्याला कळकळीचं पत्र लिहिलं, वर्गणी काढून अशा घरांना मदत पोचवली. म्हातारपणी, १०९७ मध्ये, थेट हैनान बेटावर धाडलं, तर तिथेही पोरं शिकवायला बसला. माफी मिळून परतताना ११०१ मध्ये वाटेतच गेला.

आता माझं. १९८४ साली स्नेहसंमेलनात मी एक वात्रटिका वाचली. ती वरच्या एका माणसाला झोंबली, आणि जूनमध्ये माझी बदली डोंगरातल्या एका गावी. बस दिवसातून एकदा. चार वर्षं होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री फुली मारायची, एवढं एकच काम मी तिथे नेमाने केलं. वळकटीची दोरीसुद्धा पुरती सोडली नाही. लोक चांगले होते हो, दारात भाजी ठेवून जात.

सातवीतला एक मुलगा संध्याकाळी यायचा. "गुरुजी, इंग्रजी शिकवाल का?" मी म्हणायचो, "अरे, माझी बदली होणार आहे, नवे गुरुजी येतील ते शिकवतील." तीनदा आला. चौथ्यांदा आला नाही.

ते प्रकरण वाचून झाल्यावर हिला विचारलं, त्याचं नाव काय गं? हिला आठवलं. मला आठवलं नव्हतं.