बेरीज पाच

फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्पीत मोटारदुरुस्तीचं एक हेन्स मॅन्युअल दिसलं. बाकी पानं स्वच्छ, फक्त ब्रेकच्या प्रकरणावर काळ्या अंगठ्याचे ठसे. कुणीतरी काम अर्धवट थांबवून, हात न पुसताच पुढची पायरी वाचली होती. कादंबरीच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणांपेक्षा मला हे ठसे अधिक बोलके वाटतात.

जॉन हेन्स ब्रिटिश हवाई दलात असताना एडनला एका सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइटच्या मदतीला धावला. कंपनीचं मॅन्युअल घरी काम करणाऱ्याच्या उपयोगाचं नव्हतं. मग त्यानं इंजिन खोलताना, जोडताना फोटो काढले आणि १९६६ साली त्याचं पहिलं मॅन्युअल निघालं. आधी गाडी खोलायची, मग लिहायचं. ज्याचे हात आधी काळे झालेत, त्याच्या वाक्यावर भरवसा ठेवावासा वाटतो.

मामांची प्रीमियर पद्मिनी होती. टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, ते रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना. मडगार्डवर जुनी चादर, चादरीवर मॅन्युअल. "आधी पान, मग पाना," असं मामा म्हणायचे. प्लग काढून गाडी टॉप गिअरला टाकायची आणि मी मागून बोटभर ढकलायची. "थांब!" म्हटलं की थांबायचं. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसले, की पहिल्याचे टॅपेट लावायचे. तिसऱ्याचे हलले की दुसऱ्याचे. बेरीज नेहमी पाच. मग फीलर गेजची पाती फटीत सरकवायची. ती अडकायलाही नको, सैल फिरायलाही नको. लोण्यातून सुरी ओढल्यासारखी आली, की मामा लॉकनट आवळायचे. आवळताना माप हलतं, म्हणून पाती पुन्हा घालून बघायची. हे 'पुन्हा बघा' पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि मामांनी ते एकदाही टाळलं नाही. शेवटी प्लगच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमानं जोडायच्या. गाडी सुरू झाली की आम्ही दोघं गप्प उभे राहून तिची टिकटिक ऐकायचो. शाळेतल्या कुठल्याही बेरजेनं मला एवढा आनंद दिला नाही.

सिलिंडर हेडच्या बोल्टांनाही असाच क्रम असतो: मधून सुरू करून कडेला जात, थोडे थोडे आवळायचे, म्हणजे गॅस्केट सगळीकडे सारखं दाबलं जातं आणि हेड वाकत नाही. हा क्रम नुसता सांगून लक्षात राहत नाही. आकडे घातलेली आकृतीच लागते. आकृत्यांचा विषय निघाला की मला पीटर अशवांडन आठवतो. जॉन म्यूरच्या १९६९ सालच्या फोक्सवॅगनच्या पुस्तकातली त्याची चित्रं मी तासन् तास बघू शकतो. एकेक नट त्यानं मायेनं काढलाय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या मिस्त्रींनी असं पुस्तक मराठीत लिहावं. वायसर कुठल्या बाजूनं बसवायचा, आटे गेले तर काय करायचं, गंजलेला बोल्ट न मोडता कसा सोडवायचा. चित्रकार मी शोधून देईन.