अ.पा.क.

सातबारा वाचता येणाऱ्यांना ही तीन अक्षरं ओळखीची असतात. जमीन लहान मुलाच्या नावावर असली की त्याच्या नावापुढे आईचं किंवा बापाचं नाव येतं आणि दोन्हींच्या मधे लिहिलेलं असतं, अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला ‘अज्ञान’ म्हणतात. कराडच्या कोर्टात बावीस वर्षं दिवाणी वकिली करताना हा शब्द मी शेकडो अर्जांत लिहिला. घरातला अज्ञान कोण, हा प्रश्न मात्र मला २०२२ च्या पावसाळ्यात पडला.

आमचा मुलगा सहावीत असताना, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आठवीचं वर्षही चालू-बंद असंच गेलं. नववीला जूनमध्ये शाळा रीतसर भरली तेव्हा त्याचा आवाज फुटला होता, ओठांवर लव आली होती, आणि वर्गातल्या पोरांना तो मोबाइलच्या चौकटीतूनच जास्त ओळखत होता. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी साडेसहाला सुरू व्हायचं, अकरापर्यंत थांबायचं. रविवारी दुखायचं नाही. आईनं, म्हणजे त्याच्या आज्जीनं, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आम्ही जंताचं औषध दिलं, सोनोग्राफी केली. बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवून सांगितलं, “पोटात काही नाही. पण दुखतंय हे खरं आहे. ढोंग समजू नका. समुपदेशकाला दाखवा.”

मी समुपदेशकाला दाखवलं नाही. आधी मीच प्रयत्न केला.

माझा प्रयत्न म्हणजे उलटतपासणी. रात्री जेवताना सुरू व्हायची. कुणी चिडवतं का? सर काही बोलले का? मार्कांची भीती वाटते? एखादी मुलगी? साक्षीदार तीनदा ‘माहीत नाही’ म्हणाला की तो काहीतरी लपवतोय, हे आम्ही वकील गृहीत धरतो. मुलगा तीनदा ‘काही नाही’ म्हणायचा आणि मी चौथा प्रश्न टाकायचो, सूचक प्रश्न, ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही. तो ताट अर्धं टाकून उठायचा आणि बाथरूमची कडी लावायचा. एका रात्री हिनं भांडी आवरता आवरता सांगितलं, “अहो, तुम्ही विचारायला लागलात की तो माझ्याकडे बघतो. सोडव म्हणून बघतो.” मला राग आला. आता वाटतं, त्या घरात तेव्हा नीट निरीक्षण करणारी ती एकटीच होती.

शेवटी जुलैच्या मध्यात आम्ही साताऱ्याच्या समुपदेशक मॅडमकडे गेलो. कराडमध्ये नको, हा माझा हट्ट. ओळखी फार.

मॅडमनी पहिल्या भेटीत आम्हा तिघांना एकत्र बसवलं आणि नियम सांगितले. मुलगा पाऊण तास एकटा बोलेल. तो बोलेल ते खोलीबाहेर जाणार नाही. त्याला अपवाद असतील: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा त्याच्यावर कुणी अत्याचार करत असल्याचं कळलं तर. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे, हेही त्यांनी मुलाच्या समोर सांगितलं. मी विचारलं, “मला रिपोर्ट कधी मिळेल?” त्या म्हणाल्या, “दिशा सांगेन. घरी काय करायचं ते सांगेन. संभाषण नाही सांगणार.” मी म्हणालो, मुलगा अज्ञान आहे, मी त्याचा पालक. तशा त्या हसल्या. “वकीलसाहेब, तुमच्या पक्षकारानं ऑफिसात सांगितलेलं तुम्ही त्याच्या बापाला सांगता का?”

तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १२६. पक्षकारानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. हे कलम मी ज्युनिअरांना शिकवायचो. तरीही त्या रात्री २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा काढून बसलो, पळवाट शोधायला. तिथं कलम २३ गोपनीयतेचा हक्क सांगतं. ते अशा समुपदेशनाला कितपत लागू पडतं यावर वकील म्हणून वाद घालता आला असता, आणि मनातल्या मनात मी तो घातलाही. पण प्रतिवादी कोण होता? चौदा वर्षांचं पोर.

त्या पाऊण तासात काय व्हायचं ते मला आजही माहीत नाही. घरी काय करायचं ते आम्हाला सांगितलं, तेवढंच मी लिहू शकतो.

पहिलं म्हणजे दुखण्याचा हिशेब. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, आतडी आवळतात, पोट खरोखर दुखतं. शाळा चुकली की लगेच सुटका होते, आणि घरी राहिल्यावर बरं वाटतं एवढंच शरीर लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी जोरात दुखवतं. म्हणजे आम्ही मायेनं घरी ठेवत होतो ते दुखण्याला खतपाणी होतं. पण उचलून वर्गात नेऊन टाकलं असतं तर भीती दुप्पट झाली असती. (माझ्या मेहुण्याचा सल्ला त्याहून सोपा होता: दोन कानाखाली द्या.) मॅडमनी पायऱ्या पाडल्या आणि त्या मुलाकडूनच पाडून घेतल्या. पहिला आठवडा: गणवेश घालून शाळेच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग वाचनालयात एक तास, मग एक विषय, मग मधल्या सुट्टीपर्यंत. ही वर्गशिक्षिकांशी बोलून आली आणि त्यांनी वाचनालयाची सोय करून दिली, कुणाला कारण न सांगता.

दुसरं, घरी राहिलेला दिवस कंटाळवाणा असायला हवा. शाळेच्या वेळात मोबाइल नाही, टीव्ही नाही, लाड नाहीत. याचा सगळ्यात मोठा फटका आईला बसला. पोरगं घरी राहिलं की ती शिरा करायची. “पोटात अन्न नको का जायला?” हा तिचा युक्तिवाद. शिरा ज्या दिवशी तो फाटकापर्यंत जाऊन येईल त्या संध्याकाळी करायचा, असं ठरलं. मला वाटलं, हे तिला पटणार नाही. तिनं मात्र ते नेमानं पाळलं. परत आलेल्या नातवाला काहीही न विचारता ती रव्याचा डबा काढायची. आमच्यातलं सगळ्यात चांगलं काम बहुतेक तिनंच केलं.

तिसरं काम माझं. पहिल्या दोन खेपांना परतीच्या वाटेवर गाडी साताऱ्याबाहेर पडायच्या आत मी सुरू केलं होतं: काय विचारलं? तू काय सांगितलंस? त्यानं कानात इअरफोन घातले. तिसऱ्या वेळी मॅडमनी मला बाजूला घेतलं. “सातारा ते कराड एकही प्रश्न विचारायचा नाही. बोला, हवं ते बोला. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नको.” पन्नास किलोमीटर. प्रश्नचिन्हाशिवाय बोलून बघा. नागठाण्यापर्यंत माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. अतीतला ‘ऊस चांगला आलाय’ म्हणालो. उंब्रजला ‘तिकडं पाऊस दिसतोय’. पाचव्या की सहाव्या खेपेला तासवड्याच्या अलीकडे तो आपणहून बोलला. एका ट्रकमागच्या ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यानं दाखवली. मी इतका खूश झालो की पुढचा प्रश्न ओठांवर आलाच होता. गिळला.

मॅडमनी मलाही एक कागद दिला होता, तीन रकान्यांचा: घटना, विचार, परिणाम. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातल्या पद्धतीतून हे आलं, विवेकनिष्ठ उपचार म्हणतात, असं त्या म्हणाल्या. घटना माणसाला थेट अस्वस्थ करत नाही, मधला विचार करतो. मी प्रामाणिकपणे भरला. घटना: मुलगा शाळेत गेला नाही. विचार: बाररूममध्ये कळलं तर तोंड कसं दाखवू. परिणाम: आवाज चढला. कागदाकडे बघत बसलो. मुलाचं पोट त्यात कुठंच नव्हतं.

गणपतीपर्यंत तो रोज चार तासिका बसायला लागला होता. सुट्टी झाली आणि पुन्हा पोट. मी हाय खाल्ली. मॅडम शांत होत्या. सुट्टीनंतर हे होतंच, दोन पायऱ्या खाली या, शून्यावर येऊ नका, एवढंच म्हणाल्या. त्याच आठवड्यात माझ्याकडून घोळ झाला. गुरुवारी एका वकील मित्राचा फोन आला, मी हॉलमध्ये बोलत होतो. “उद्या नाही रे, साताऱ्याला जायचंय, पोराचे डोळे दाखवायला.” फोन ठेवून वळलो तर तो दारात. “पप्पा, माझे डोळे कधी बिघडले?”

आधीचे सगळे प्रश्न मी विचारले होते. हा त्याचा, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो फाटकातून आत जायला रोज धडपडत होता आणि मी ती धडपड लपवण्यासारखी गोष्ट ठरवून टाकली होती. दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये चहा घेताना मी सांगून टाकलं: मुलाला समुपदेशकाकडे नेतोय, शाळेची भीती बसलीय. कुणी हसलं नाही. एक ज्येष्ठ वकील कप ठेवून बाहेर गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, नातीबद्दल विचारायला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारनं टेलिमानस सुरू केलं. १४४१६ वर फुकट फोन लावता येतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर मी ऑफिसातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. पाटणकडून आलेले पक्षकार वाटणीचा दावा सांगता सांगता मुलीचं सांगायला लागले की आता मला तो बघावाही लागत नाही.

दिवाळीनंतर तो पूर्ण दिवस शाळेत बसू लागला. शेवटची भेट फेब्रुवारीत झाली, चौदावी. पोट अजूनही दुखतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी. तो लिंबू-सरबत करून पितो आणि जातो. हा मजकूर त्याला आधी वाचायला दिला. दोन ठिकाणी त्यानं रेघ मारली, ती वाक्यं इथं नाहीत.

दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही दोघं पुण्याहून येत होतो. तासवड्याच्या टोलनाक्याला रांग होती. खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, “पप्पा, नववीत मी मागच्या बाकावर बसायचो ना, तेव्हा...” आणि थांबला. माझ्याकडे चार प्रश्न तयार होते. पुढची गाडी सरकली, मी गिअर टाकला आणि ‘हं’ एवढंच म्हणालो. जरा वेळानं तो पुढं बोलायला लागला. कोल्हापूर नाक्यावर घराकडे वळायचं होतं. मी गाडी सरळ पुढं घेतली.