आधी पाणी, मग मासे

हल्ली घरात काही आणायचे म्हटले की मुले आधी मोबाईल उघडतात. कपडे, चपला, मिक्सर, रमजानचे खजूर, सगळे दारात येते. त्यामुळे आमच्या घरी माशांची काचेची टाकी आणायचे ठरले, तेव्हा तीही फोनवरून मागवावी, असे थोरल्याचे म्हणणे पडले. अब्बांचे मत वेगळे होते. जिवंत जनावर पाहिल्याशिवाय घेऊ नये, मग ती बकरी असो की मासा, असे ते म्हणाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जालन्याहून मुंब्र्याला खालांकडे जाणारच होतो. तेव्हा क्रॉफर्ड मार्केटला जाऊन भाव बघायचे, फोनवरच्या भावाशी ताडून पाहायचे आणि मगच पैसे काढायचे, यावर सर्वांचे एकमत झाले.

मुंब्र्याहून लोकलने आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. स्टेशनसमोरच अंजुमन-ए-इस्लामची देखणी इमारत आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आदी मंडळींनी १८७४ साली ही संस्था स्थापन केली. तिथून पुढे चालत गेले की जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आवार लागते. तेथे जॉन लॉकवुड किपलिंग शिकवीत असत. मोगलीची गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पे याच थोरल्या किपलिंगांची. विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यावरून १८६९ साली उभ्या राहिलेल्या या बाजाराला आता महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्ड मार्केट म्हटले की पुरते.

माशांच्या दुकानांजवळ पोहोचल्यावर मुलांचे पाय तिथेच थबकले. एकावर एक टाक्या, त्यांत बुडबुडे सोडणारे एअर पंप, गोल्डफिश, एंजल, मॉली, गप्पी. फायटर मासे मात्र एकेका बरणीत एकटे, कारण त्यांचे दोन नर एकत्र ठेवले की ते एकमेकांचे पंख फाडतात. खाली रंगीत खड्यांची पोती आणि जाळ्यांचे गठ्ठे पडलेले. थोरल्याने फोन काढून भाव ताडायला सुरुवात केली. पॉवर फिल्टर फोनवर स्वस्त निघाला, दिवाही. दोन फुटी काचेची टाकी मात्र दुकानात स्वस्त. हे साहजिक आहे. काच जड असते, नाजूक असते, तिच्या वाहतुकीचा आणि फुटीचा खर्च कुणाला तरी द्यावाच लागतो. दुकानदार काच कापून सिलिकॉनने चिकटवून आपल्याला हव्या मापाची टाकी करून देतो.

एका दुकानात सफेद दाढीचे चाचा बसले होते. पोराच्या हातातला फोन पाहून ते रागावतील असे आम्हाला वाटले होते. ते म्हणाले, "ले लो बेटा, फिल्टर वहीं से ले लो. डब्बाबंद चीज है, यहाँ वहाँ एक ही." मग त्यांनी विचारले, "मछली किस पानी में रखोगे?"

हा प्रश्न आम्हाला फोनने एकदाही विचारला नव्हता.

आम्ही सांगितले, जालन्याला घरी बोअरचे पाणी आहे. हंड्याला आणि गिझरला पांढरा थर बसतो. धाकटीने निऑन टेट्रा पसंत केले होते. निळ्या-लाल रेघेचे ते इवलेसे मासे फोनवरच्या चित्रांत फार मोहक दिसतात. चाचांनी सरळ नकार दिला. निऑन हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. त्याला मऊ पाणी लागते. मुंबईचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येते, पावसाचे साठवलेले, क्षार कमी. इथे तो तग धरतो. मराठवाड्यातले बोअरचे पाणी खडकातून झिरपून क्षार घेऊन वर येते. त्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे सुखात राहतात. पण तेसुद्धा इथून नेऊ नका, असे ते म्हणाले. मे महिन्याचा उन्हाळा, रात्रभराचा रेल्वेचा प्रवास, आणि उतरल्यावर वेगळे पाणी. "अपने गाँव की दुकान से लो. वो मछली उसी पानी में पली है."

गिऱ्हाईक दारात आलेले असताना असा सल्ला देणे सोपे नाही. आमच्याकडून त्या दिवशी चाचांना फक्त एका जाळीचे आणि अँटी-क्लोरीनच्या बाटलीचे पैसे मिळाले.

जोहरची वेळ झाली होती. मंडईपासून थोड्याच अंतरावर, शेख मेमन स्ट्रीटवर मुंबईची जामा मस्जिद आहे. तिचे बांधकाम १८०२ मध्ये पूर्ण झाले. ही मस्जिद एका जुन्या तलावावर उभी आहे. ती जागा गोवा आणि कालिकतच्या मालाचा व्यापार करणाऱ्या एका कोकणी मुस्लिम व्यापाऱ्याची होती. मस्जिद बांधा, पण तलाव जसाच्या तसा राखा, या अटीवर त्यांनी संमती दिली, असे सांगितले जाते. त्याप्रमाणे तलावातून दगडी कमानी उभारून वर मस्जिद बांधली गेली. हौजाला खालच्या झऱ्यांचे पाणी येते. लोक पायऱ्यांवर बसून वुजू करतात आणि त्याच पाण्यात मासे आणि कासवे फिरतात. मुले वुजू करता करता माशांकडेच पाहत राहिली.

बाहेर आल्यावर धाकट्याने कासवाचा हट्ट धरला. भारतीय जातींची कासवे पकडून पाळणे किंवा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्याला समजावून सांगावे लागले. थोरल्याचा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा होता. हौजात ना फिल्टर, ना एअर पंप. मग तिथे मासे कसे जगतात, आणि आमच्या शेजारच्या घरात आठवड्यात कसे मेले?

शेजारच्यांनी सगळा संच फोनवरून मागवला होता. पहिली टाकी तडकलेली आली, ती कंपनीने बदलून दिली. संध्याकाळी पाणी भरले, दुसऱ्या दिवशी पार्सलने आलेले मासे सोडले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते. तरी आठ दिवसांत सगळे मासे गेले. पैसे परत मिळाले. पण त्यांच्या मुलीने तेव्हापासून टाकीकडे पाहिले नाही.

उत्तर पाण्यातच आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते थोड्या प्रमाणात असले तर मासे सोसतात आणि पाणी बदलून आपण ते कमी ठेवू शकतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात. ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. हौजात ती पिढ्यान् पिढ्या आहे, शिवाय पाणी अफाट आणि झऱ्याने ताजे होणारे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. तिथे चुकीला जागा नसते.

जालन्याला परतल्यावर आम्ही कुंडलिकेपलीकडच्या एका छोट्या दुकानात गेलो. पाटीवर पक्ष्यांचे खाद्य आणि मासे एवढेच लिहिलेले. दुकानदार भाई आमच्याच शहराचे पाणी भरतात. त्यांच्याकडून टाकी बनवून घेतली. निघताना त्यांनी स्वतःच्या चालत्या टाकीतला जुना, काळपट स्पंज काढून ओल्या पिशवीत बांधून दिला. "हा नव्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजशेजारी ठेवा. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने सगळे मरेल. धुवायचाच झाला तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा." त्या स्पंजचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यात तयार जिवाणूंची वस्ती होती.

फिल्टर आणि दिवा आम्ही फोनवरूनच मागवला. पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासायचा संचही तिथूनच, कारण तो आमच्या गावात मिळत नाही. लहान गावातल्या वाचकांसाठी ही सोय मोठीच आहे. माशांचे खाद्यसुद्धा तारीख छापलेल्या बंद डब्यातले बरे. दुकानातले सुटे खाद्य किती दिवसांचे ते कळत नाही. सगळेच दुकानदार चाचांसारखे नसतात हेही खरे. इवल्याशा गोल भांड्यात गोल्डफिश घालून विकणारे आजही आहेत. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाणही भरपूर करतो; त्या भांड्यात तो गुदमरतो.

पण एक गोष्ट आमच्या घरात आता पक्की ठरली आहे. अर्धा तास दुकानात बसून सल्ला घ्यायचा आणि मग तीच वस्तू चार पैसे कमी म्हणून फोनवरून मागवायची, हे करायचे नाही. ज्यांच्याकडून शिकलो, त्यांच्याकडून मासे, खडे, झाडे, औषध, जे मिळेल ते घ्यायचे. अशी दुकाने बंद पडली तर डबे येतच राहतील. पण मासा तळाशी निपचित बसला की संध्याकाळी धावत जायचे कुणाकडे, आणि जुना स्पंज मागायचा कुणाला?

टाकीत पाणी भरून आम्ही माशांविना थांबलो. मुले रोज चिमूटभर खाद्य टाकीत टाकून ते कुजू देत, दर दोन दिवसांनी पाणी तपासत आणि आकडे वहीत लिहीत. जुन्या स्पंजमुळे तिसऱ्या आठवड्यातच अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. मग भाईंकडून सहा गप्पी आणले. पिशवी अर्धा तास टाकीतच तरंगत ठेवली, पाण्याचे तापमान सारखे होऊ दिले आणि जाळीने मासे अलगद सोडले.

ज्या घरांत मुलांनी माशांचा हट्ट धरला असेल, त्यांनी दुकानात जाताना एवढेच करावे. घरच्या नळाचे किंवा बोअरचे बाटलीभर पाणी सोबत न्यावे, ते दुकानदाराला दाखवावे आणि या पाण्यात कोणता मासा राहील, असे विचारावे. जो दुकानदार बाटली हातात घेऊन दोन प्रश्न उलट विचारेल, मासे त्याच्याकडूनच घ्यावेत.