नऊ पिशव्या

तलासरी तालुक्यातील पाड्यांवर सेवेसाठी रुजू झालो तेव्हा पहिले कित्येक दिवस आमची नजर एकाच गोष्टीवर खिळून राहत असे. डोक्यावर लाकडांची मोळी, हातात कोयता आणि पाठीला कापडाच्या झोळीत गाढ झोपलेले मूल, अशी वारली बाई टेकडीची वाट उतरून येई आणि ते मूल हूं की चूं करीत नसे. आमचे बालपण वसईतले. आमच्याकडे तान्हे मूल म्हणजे पाळण्यात असायचे, फार तर आजीच्या मांडीवर. पाठीला बांधलेली ती मुले पाहून आमच्या मनात आधी कीव आली आणि तिच्या पाठोपाठ उपदेश आला. धर्मगुरूच्या मनात या दोन गोष्टी फारसे अंतर ठेवून येत नाहीत.

मूल रडत का नाही, याचे उत्तर आम्हांला पुढे वाचनात सापडले. हंझिकर आणि बार या डॉक्टरांनी कॅनडात एक प्रयोग केला होता. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. काही मातांना त्यांनी आपले तान्हे बाळ नेहमीपेक्षा अधिक वेळ अंगाशी घेऊन वावरायला सांगितले. सहा आठवड्यांच्या वयात त्या बाळांचे रडणे इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरले. आमच्या पाड्यांवरील आजीबाईंना हे सांगितले तेव्हा त्या नुसत्या हसल्या. यासाठी कॅनडापर्यंत कशाला जायचे, असा त्या हसण्याचा अर्थ असावा.

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीचे नाव तेव्हा रोज वर्तमानपत्रांत येत असे. धक्के लहान; पण ते थांबत नव्हते. जमिनीतून आधी गुरगुरल्यासारखा आवाज येई, मग भांडी वाजत, कौले सरकत. माणसे घर सोडून अंगणात, शेतात, तंबूत झोपू लागली. दिवस थंडीचे होते. त्या नाताळात शहरातील एका धर्मग्रामातील कुटुंबांनी आमच्याकडे मदत पाठविली. कांबळी, ताडपत्र्या, दुधाची भुकटी आणि त्यांतच तान्ह्या बाळांसाठी नऊ नव्या कोऱ्या पिशव्या. एका खांद्यावरून घ्यायचा रुंद पट्टा आणि खाली मऊ गादी शिवलेला खोलगट कप्पा. पिशव्या देखण्या होत्या. त्या आम्ही स्वतःच्या हातांनी वाटल्या. एवढ्यावरच थांबलो असतो तर बरे झाले असते. आम्ही प्रत्येक मातेला वर सांगितले, “रात्री बाळाला यातच ठेवा आणि पट्टा अंगावर असू द्या. धक्का बसला की तशाच उठून पळता येईल.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका पाड्यावरून पहाटे निरोप आला. सहा आठवड्यांची मुलगी, जन्मतः वजनाने कमी. आई पिशवीसकट कुशीवर झोपली होती. थंडी म्हणून पिशवीवर कांबळे ओढलेले. शेजारी झोपलेल्या आजीला जाग आली. कशामुळे, ते तिलाही सांगता आले नाही. तिने चाचपून पाहिले तर नातीची हनुवटी छातीत रुतलेली, नाक गादीत दबलेले, ओठ निळसर. आजीने तिला उपसून काढले, पालथ्या हातावर घेतले, पाठ चोळली. पोरीने श्वास घेतला. आम्ही पोहोचलो तेव्हा ती दूध पीत होती आणि आई आमच्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत होती. आपल्याच हातून काहीतरी चुकले असे तिला वाटत होते. चूक आमची होती, हे तिला सांगायला आम्हांला थोडा वेळ लागला. तेवढा लागायला नको होता.

परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या एका सिस्टरने त्या दिवशी आम्हांला जे समजावले ते आम्हांला सेमिनरीत कुणी शिकविले नव्हते. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान कच्ची. खोलगट जागेत त्याचे अंग मुडपले की हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दुमडते. लहानपणी आपण पपईच्या पानाच्या देठाची पिपाणी करून खेळतो. तो देठ मोडला की हवा जायची बंद होते, तसेच हे. शिवाय नाक-तोंड कापडावर दाबले गेले तर एक-दोन मिनिटांतच जीव जाऊ शकतो. सर्वांत भयंकर म्हणजे बाळ रडत नाही, धडपडत नाही. रडायलाही श्वास लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला ते शांत झोपलेले दिसते.

अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने मार्च २०१०मध्ये अशा झोळ्यांविषयी जाहीर इशारा दिला होता. मागील वीस वर्षांत त्यांच्याशी संबंधित निदान चौदा मृत्यू नोंदले गेले होते आणि त्यांपैकी बारा बाळे चार महिन्यांच्या आतली होती. अकाली जन्मलेल्या, कमी वजनाच्या, सर्दी झालेल्या बाळांना धोका अधिक, असेही त्यात म्हटले होते. त्याच महिन्यात तिकडे पिशवीच्या घाटाच्या दहा लाखांहून अधिक झोळ्या बाजारातून परत बोलावण्यात आल्या. म्हणजे जे जगाला २०१०मध्ये कळले होते, ते आम्ही २०१८च्या नाताळात आनंदाने वाटत होतो. गंमत अशी, की बाळाला अंगाशी बांधायची कल्पना पश्चिमेकडे नव्याने रुजली ती आफ्रिकेतून. अ‍ॅन मूर ही अमेरिकन परिचारिका १९६०च्या दशकात टोगो देशात काम करून मायदेशी परतली आणि तिथल्या आयांसारखे आपले मूल पाठीशी बांधता यावे म्हणून तिने एक साधन शिवून घेतले. त्यात मूल उभे आणि घट्ट बसे. पुढे बाजाराने तऱ्हेतऱ्हेचे घाट काढले आणि त्यांतला एक, कापडाची झोळी मुळात असलेल्या आमच्या तलासरीत येऊन पोहोचला.

त्याच दिवशी आम्ही पिशव्या गोळा करायला निघालो. संध्याकाळपर्यंत आठ मिळाल्या. नववी ज्यांना दिली होती ते जोडपे भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेले होते. कोणती भट्टी, ते धड कुणाला सांगता येईना. तीन दिवस आम्ही फोन करीत, विचारीत हिंडलो. त्या तीन रात्री आम्हांला झोप लागली नाही. भट्टी सापडली तेव्हा विटांच्या थप्पीमागे बांबूला एक जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली दिसली आणि झोळीत मूल. आमची पिशवी झोपडीच्या कुडाला लटकत होती. तिच्यात कांदे भरले होते. “यात पोर नीट बसत नाय, फादर,” ती बाई ओशाळून म्हणाली. आमच्या देणगीचा अव्हेर केला म्हणून तिने आमची क्षमाही मागितली!

परतल्यावर आम्ही त्या आजीकडे जाऊन बसलो आणि झोळी बांधायची कशी, ते दाखव म्हणालो. तिने नातीला छातीशी उभे धरले. मान धरेपर्यंत मूल पुढेच, पाठीला नाही. कापड इतके घट्ट, की वाकले तरी मूल अंगापासून सुटू नये. पाठीला आधार, गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि पाय बेडकासारखे फाकलेले. मुलाचे टाळू आपल्या ओठांना लागेल इतक्या उंचीवर. आणि तोंड नेहमी उघडे. ऊन असो, थंडी असो, पदर तोंडावरून घ्यायचा नाही. हनुवटीखाली तिने आपली दोन बोटे घालून दाखविली. तेवढी जागा राहिलीच पाहिजे. ब्रिटनमधील झोळी बनविणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी एकत्र येऊन सुरक्षिततेचे पाच नियम सांगितले आहेत. ते आम्ही नंतर वाचले. आजीच्या सांगण्यात त्यांतला एकही नियम सुटलेला नव्हता. पाय फाकलेले ठेवण्याचे कारणही वैद्यक सांगते. बाळाचे पाय सरळ करून आवळले तर खुब्याचा सांधा निखळण्याचा संभव वाढतो.

म्हणून जुने ते सर्व सोनेच, असे आम्ही म्हणणार नाही. चुलीपुढे बसताना झोळीतल्या मुलाच्या डोळ्यांत धूर जातो. उकळता चहा सांडला तर आधी त्याच्यावर सांडतो. आणि हल्ली मोटारसायकलवर मागे बसून झोळीत मूल घेऊन जाणाऱ्या माता चारोटीच्या नाक्यावर दिसतात, तेव्हा आमचा जीव वरखाली होतो. गाडी पडली तर कापड काय वाचवणार? हे आम्ही बोलून दाखवितो. पण रात्री ताप आलेले मूल दवाखान्यात न्यायला दुसरे वाहन कोठले, असे कुणी विचारले तर गप्प बसतो.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून घराबाहेर धावताना पडून डहाणू तालुक्यातील दोन वर्षांची एक मुलगी दगावली. त्या रात्री आया पुन्हा आम्हांला विचारू लागल्या, बाळ अंगाला बांधूनच झोपू का? आता आमच्याजवळ उपदेश नव्हता. आजीनेच उत्तर दिले. झोळीचे कापड चटईवर सपाट पसरायचे, त्यावर मूल उताणे, आईच्या हाताच्या अंतरावर. तोंडावर काही नाही. धक्का बसला की मूल कापडासकट उचलायचे, छातीशी धरून बाहेर पडायचे. गाठ बाहेर गेल्यावर मारायची. त्या हिवाळ्यात आमच्या पाड्यांवरील तान्ही मुले अशीच झोपली.

देणाऱ्या कुटुंबांना आभाराचे पत्र आम्ही त्याच नाताळात धाडले होते; पुढची हकीकत कळवायचे धैर्य झाले नाही. ती आज येथे कळवीत आहोत. त्यांनी प्रेमानेच दिले होते, न पारखता वाटले ते आम्ही. वाचकांपैकी कुणाच्या कपाटात तशी खोलगट पिशवी अजून असेल, तर तिच्यात तान्हे बाळ घालू नये आणि ती दुसऱ्या कुणाला देऊही नये. कांद्यांना ती चांगली आहे.