विपाशेचा डावा काठ

नदीला दोन काठ असतात ही गोष्ट आम्हांस कुल्लूस येईपर्यंत केवळ भूगोलाच्या पुस्तकापुरती ठाऊक होती. कऱ्हाडास कृष्णा-कोयनेच्या संगमावर आमचे बालपण गेले. पण तेथे पलीकडचा काठ हा पाहावयाचा, जावयाचा नव्हे. कुल्लूच्या खोऱ्यात मात्र कोण कोणत्या काठाने जातो, यावरून त्या माणसाची पारख करता येते. बियास नदीच्या उजव्या काठाने तीन क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मनालीकडे जातो. ज्यांना मनालीस पोचावयाचे असते ते बहुतेक सारे त्याच मार्गाने जातात. डाव्या काठाचा रस्ता अरुंद, जुना, वळणावळणांचा. त्या रस्त्याच्या प्रवाशांस सहसा कोठेच पोचण्याची घाई नसते. आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. घाई हा आमचा गुण आहे असा आरोप आजवर कोणी केलेला नाही.

बदलीचा हुकूम २०२१ साली हाती पडला. मुलांच्या शाळेसाठी आणि वडिलांच्या प्रकृतीसाठी कुटुंब कऱ्हाडासच राहिले. आम्ही डाव्या काठावर, नग्गरच्या अलीकडील एका खेड्यात, एका वृद्ध बाईच्या घराची माडीवरची खोली भाड्याने घेतली. भाडे कमी, हे कारण कचेरीत सांगण्यासाठी. खिडकीतून नदी दिसते, हे आमच्यापुरते. आमच्याआधी त्या जागेवर असलेल्या गृहस्थांनी जाताना आपली गियरची सायकल स्वस्तात दिली, आणि तिशी ओलांडल्यावर आम्ही पुन्हा सायकलस्वार झालो.

रस्त्याचे वर्णन करावयाचे तर ते कुल्लूच्या उत्तरेकडील रामशिलेपासून करावे लागेल. तेथे पूल ओलांडला की महामार्गाचा गलबला पाण्याच्या आवाजात बुडून जातो. मग कधी नदीला लगटून, कधी तिच्यापासून फटकून, सफरचंद, नासपती आणि आलुबुखारा यांच्या बागांमधून सुमारे वीस किलोमीटरांवर नग्गर येते. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. दगड आणि देवदार यांचे थर एकाआड एक रचून बांधलेला तेथील गढीवजा वाडा आता पथिकाश्रम झाला आहे. रशियन चित्रकार निकोलाय रोरिख यांनी आपली अखेरची वर्षे याच गावी काढली आणि १९४७ साली येथेच देह ठेवला. पुढे जगतसुख हे नग्गरच्याही आधीच्या राजधानीचे गाव लागते, मग प्रीणी, जेथे अटलबिहारी वाजपेयी यांनी घर बांधले होते. आणि मनाली उरते ती अगदी हाकेच्या अंतरावर.

कुल्लूची उंची सुमारे १,२०० मीटर आणि मनालीची २,००० मीटरांहून थोडी अधिक. अंतर चाळीस किलोमीटर. कागदावर हा चढ अगदी सौम्य दिसतो. परंतु आमच्या खात्यातील कोणाही अनुभवी माणसास विचारा. सरासरी ही मोठी फसवी वस्तू आहे. डोंगरावरून उतरणारा प्रत्येक नाला रस्त्यास आपल्या कुशीत खाली ओढतो आणि पलीकडे पुन्हा चढावयास लावतो. तेव्हा चढ येण्यापूर्वीच हलक्या गियरवर यावे, ऐन चढावर नव्हे. नाहीतर साखळी कुरकुरते आणि प्रसंगी उतरते. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून सोडावेत. सतत आवळून धरू नयेत. एप्रिलात बागा फुलतात तेव्हा, आणि ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर, पहाटेच्या वेळी हा रस्ता सर्वांत निवांत असतो. मे-जूनमध्ये महामार्ग तुंबला की तेथील मोटारी पुलांवरून इकडे शिरतात. तेव्हा सायकल घरी ठेवलेली बरी.

नग्गरचा चढ आला की आम्ही खाली उतरून चालत असू. यात दमाचा भाग होता हे कबूल. पण मुख्यतः ती वडिलांची सवय. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर सायकलने शाळेत गेले. चढ आला की उतरत आणि सायकल हाती धरून चालत. पुढल्या दांडीवर बसलेल्या आम्हांस त्याचा कंटाळा येई. ते म्हणत, ‘अरे, तिलाही दम लागतो.’

नदीचेही वेळापत्रक असते, हे आम्ही या रस्त्यावर शिकलो. उन्हाळ्यात सकाळी ती बेताची असते. दिवसभर वरचे बर्फ वितळते आणि ते पाणी सायंकाळी खाली पोचते, तेव्हा तिचा आवाज बदलतो. हिवाळ्यात ती निळसर आणि रोड होते. तिचे संस्कृत नाव विपाशा. महाभारतात कथा आहे की, पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या वसिष्ठांनी स्वतःस दोरांनी बांधून घेऊन तिच्यात उडी टाकली. तिने त्यांचे पाश तोडले आणि त्यांना काठावर आणून सोडले. आम्हांस ती कथा प्रथम गमतीची वाटली. पाशांतून सोडवणारी नदी, आणि तिच्या काठी लाल फितीने गाठी मारीत बसलेले आम्ही!

२०२३ च्या जुलैत, नवव्या आणि दहाव्या तारखेस, तिचे दुसरे रूप पाहिले. पाऊस थांबेना. पलीकडे महामार्गाचे लांबच्या लांब तुकडे नदी खात होती. कड कोसळे तेव्हा आमच्या खोलीची जमीन हादरत असे. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. वडील तेव्हा अंथरुणास खिळलेले होते. आठ तारखेस त्यांच्याशी बोलणे झाले होते. ते विचारीत होते, ‘तिकडे पाऊस आहे का रे?’ आम्ही म्हटले, ‘आहे थोडासा.’

बारा तारखेस उघडीप मिळाली तशी आम्ही सायकल काढली. डाव्या काठाचा रस्ता जखमी होता, पण जिवंत होता. मनालीत अडकलेल्या प्रवाशांच्या मोटारी त्याच अरुंद वाटेने मुंगीच्या पावलांनी खाली उतरत होत्या. नाल्यांच्या तोंडाशी दगडगोटे आणि चिखल साचलेला. तेथे सायकल खांद्यावर घ्यावी लागली. कुल्लूजवळ खिशातील यंत्र एकाएकी जागे झाले आणि तीन दिवस अडलेले निरोप एकामागून एक येऊ लागले. पहिला निरोप होता, ‘ताबडतोब फोन कर.’ शेवटचा धाकट्या भावाचा होता. दहा तारखेच्या रात्री वडील गेले. अकरास सर्व विधी आटोपले होते.

आम्ही परत निघालो. त्या दिवशी नाले ओलांडताना काय केले, कोठे उतरलो, हे आठवत नाही. घराच्या पायरीशी म्हातारी बसली होती. तिने आमच्या तोंडाकडे पाहिले, एक अक्षर विचारले नाही, आणि आत जाऊन चुलीवर पाणी तापत ठेवले. आमच्याकडील सुतकाच्या स्नानाची रीत तिला आम्ही कधी सांगितली नव्हती. ओल्या लाकडांचा धूर घरभर झाला होता. पाणी तापल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘बाबूजी, आंघोळ करून घ्या.’

पुढे कटौलाच्या डोंगरी वाटेने मंडी, तेथून चंदीगड, असे करीत आम्ही दहाव्याच्या तीन दिवस आधी कऱ्हाडास पोचलो. कृष्णेचा घाट पावसाळी गढूळ पाण्याने भरला होता.

परतल्यावर काही महिने डाव्या काठावर सायकल घालण्याचा धीर होईना. ऑक्टोबरात ती बसच्या टपावर टाकून औटपलीकडे नेली. औटच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात सायकलस्वाराने जाऊ नये. धूर आणि अंधार दोन्ही दाट. बोगद्यापलीकडे लारजीकडे रस्ता फुटतो आणि बंजारवरून तीर्थन नदीच्या काठाने गुशैणीस जातो. या नदीवर वीजप्रकल्प उभारू दिलेले नाहीत. वरचा प्रदेश म्हणजे २०१४ साली जागतिक वारशात गणले गेलेले ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान. पाणी इतके स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. तेथे एका पुलावर आम्ही बराच वेळ बसलो. वसिष्ठांची कथा आठवली. नदीने पाश तोडले हे खरे. पण काठावर आल्यावर ते कसे जगले, हा प्रश्न तोवर आम्हांस कधी पडला नव्हता.

विनंती-बदलीचा अर्ज आम्ही २०२२ साली दिला होता. हुकूम यंदा आला: पुणे. विषयाच्या ओळीखाली कारण जसेच्या तसे उतरले होते, ‘वृद्ध वडिलांच्या शुश्रूषेसाठी’. ती ओळ दोनदा वाचली, आवक नोंदवहीत क्रमांक टाकला आणि पोच दिली. बदलीस नकार देण्याचे आता कारण नव्हते. स्वीकारण्याचेही, म्हटले तर, नव्हते. पण मुले तेथे आहेत, त्यांची आई तेथे आहे. त्यांनी आमची वाट पुरेशी पाहिली आहे.

सायकल म्हातारीच्या नातवास दिली. बैठक चार बोटे खाली केली, ब्रेकच्या तारा आवळल्या, साखळीस तेल घातले. नग्गरच्या चढापर्यंत आम्ही त्याच्याबरोबर चालत गेलो आणि येथे उतरावे असे सांगणार, तोच पोरगा पायडलांवर उभा राहिला आणि जोर करीत वळणाआड गेलासुद्धा. मग वरून घंटी ऐकू आली. एकदा, आणि थोड्या वेळाने आणखी वरून, पुन्हा एकदा.