चाकांवरचं घर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी शिक्षिका वीरहून टेम्पो ट्रॅव्हलरने निघालो. मागच्या सीटा काढून गाद्या टाकल्या. शेगडी, पाण्याचे कॅन, जानमाज घेतले. गाडी एकीचा भाऊ चालवत होता. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेश्वी. पुढे बाणकोट, केळशी, हर्णे. रात्री ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावायची नि गाडीतच झोपायचं.

महाबळेश्वरची सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते मुख फेरीबोटीतून पहिल्यांदाच पाहिलं.

पहिल्या रात्री मजा वाटली. तिसऱ्या रात्री कूस बदलायला जागा नाही, पाणी मोजून वापरायचं, घरची आठवण. सफरीत चार रकातींच्या दोन होतात, ही केवढी रहमत आहे ते तेव्हा कळलं. अन् अब्बा आठवले. त्यांची उमर जहाजावर गेली. ईदला ते घरी नसत, याचा राग मी मनात जपला होता.

परतल्यावर त्यांच्याजवळ बसले. "अब्बा, जहाजावर तुमची झोपायची जागा केवढी होती?"

त्यांनी ओटीवर वितीने मापून दाखवली. आमच्या गादीहून अरुंद. मग ते इशापर्यंत बोलत राहिले. एवढंसं विचारायला मला चाळीस वर्षं लागली.