खळ्यातला चंद्र

पौर्णिमेच्या चंद्राचे छायाचित्र काढणे ही वरवर सोपी वाटणारी गोष्ट आहे. कॅमेरा तिपाईवर चढवला की पहिली अडचण ध्यानात येते. आपल्याकडे रात्र असते. समोरच्या चंद्रावर मात्र लख्ख ऊन पडलेले असते. त्याच्यावरचे डाग टिपायचे तर भर उन्हातला खडक टिपावा तसेच टिपावे लागते. आयएसओ १०० आणि छिद्र एफ/११ असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे.

ढगाळ रात्री तो अपुरा पडतो. चंद्राला न्याय द्यावा तर ढग काळोखात बुडतात. ढगांच्या कडा उजळाव्यात म्हणून शटर अधिक काळ उघडे ठेवावे तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका उरतो. डोळा दोन्ही एकदम पाहतो, कॅमेऱ्याला निवड करावी लागते.

मी नांदेडला शिकवतो. गाव लातूर जिल्ह्यातले. कोजागरीला इकडे गच्चीवर दूध आटत असते, तिकडे शेतात सोयाबीनची बनीम ताडपत्रीखाली झाकलेली असते. 'को जागर्ति' या लक्ष्मीच्या प्रश्नाला खरे उत्तर देणारी माणसे त्या ताडपत्रीपाशी जागी असतात. अशाच एका कोजागरीला ढगांमुळे मी वैतागलो असताना वडिलांचा फोन आला.

"तिकडं खळं पडलंय का रे?"

"पडलंय, दादा. चांगलं मोठं आहे."

"मग ताडपत्रीवर अजून चार दगडं ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उंचावरच्या विरळ ढगांतील हिमस्फटिकांतून प्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे २२ अंशांवर कडे उमटते. मराठीने त्याला धान्य मळण्याच्या जागेचे नाव दिले. मधोमध तिवडा, भोवती फिरणारी बैलांची पात, हे ज्याने पाहिले त्यालाच आभाळात खळे दिसले असणार. मळणी यंत्र आल्यापासून जमिनीवरची खळी दिसेनाशी होत चालली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हा शब्द आभाळापुरताच ठाऊक आहे.

हे खळे सबंध टिपायचे तर रुंद भिंग हवे. त्यात जेमतेम अर्ध्या अंशाचा चंद्र ठिपक्याएवढा होतो आणि तोही जळून पांढरा पडतो. त्या रात्री मी चंद्राचा चेहरा सोडून दिला आणि खळे घेतले. चंद्र तिवड्यासारखा मधोमध राहिला, एवढे पुरे वाटले.

हे छायाचित्र वर्गात दाखवले तेव्हा एका विद्यार्थ्याने आपल्या फोनमधला चंद्र पुढे केला: ढगाळ रात्रीचा, तरी डागांसकट रेखीव. मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चंद्रातही काही फोन आपल्या पदरचे तपशील भरतात, हे २०२३ मध्ये बरेच गाजले होते. मला त्यात नवल वाटले नाही. आपल्या काव्यपरंपरेतील कविसंकेत दुसरे काय करत होते? मुख दिसले की चंद्र, चंद्र दिसला की चकोर. आभाळाकडे न पाहताही लिहिता येईल असा तयार चंद्र कवीच्या हाताशी होताच. फोन त्या अर्थाने फार जुना कवी आहे. मात्र त्याच्या चंद्रावरून त्या रात्री ताडपत्रीवर दगड ठेवावेत की नाही, हे कळत नाही.

मराठवाड्यात ढगाला निव्वळ अडथळा म्हणण्याची चैन परवडत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा एकेका ढगाकडे माणसे आशेने पाहत होती. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हा त्याच ढगाची धास्ती वाटत होती. इथल्या पौर्णिमेचे चित्र ढग पुसून काढले तर ते कुठलेही होऊ शकते. ढग राहिला तरच ते इथले, आणि त्या रात्रीचे, राहते.